खाजेची ट्यूब मागणाऱ्याला काय देता? नवी मुंबईतल्या केमिस्टांना खुले पत्र

प्रति,
नवी मुंबईतील औषध दुकानदार आणि फार्मासिस्ट,
ऐरोली ते बेलापूर

स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं वाढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणूस आजाराचं, म्हणजे नायट्याचं, नाव घेत नाही. आवाज खाली आणतो, मागे उभ्या असलेल्या बाईकडे एकदा बघतो आणि मोबाइलवर रिकाम्या ट्यूबचा फोटो पुढे धरतो. तुम्हीही काही विचारत नाही. ड्रॉवर ओढता, ट्यूब ठेवता, सुट्टे परत करता. बिल तो मागत नाही आणि तुम्ही देत नाही. दोघांचाही संकोच टळतो. माझी तक्रार आहे ती त्या ड्रॉवरमधून नेमकी कुठली ट्यूब बाहेर येते याबद्दल.

मी डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसी पदविकेच्या, मुलांना फार्माकॉलॉजी (औषधांच्या परिणामांचं शास्त्र) शिकवते. तुमच्यातले पुष्कळ जण माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून गेले आहेत, त्यामुळे "बाई पुन्हा सुरू झाल्या" असं कोणी म्हणालं तरी चालेल. माझं माहेर माथाडीचं, कोपरखैरण्यातलं. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाची कंबर, काखा आणि जांघा पावसाळ्यात कशा होतात हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं आहे. म्हणून थोडं हक्कानं लिहिते.

त्या ट्यूबच्या मागचा बारीक मजकूर एकदा भिंगातून का होईना वाचा. बहुतेक वेळा त्यात तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची आणि एक स्टेरॉइड. हे स्टेरॉइड पुष्कळदा क्लोबेटासॉल असतं, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधल्या सगळ्यात तीव्र गटातलं. त्वचारोगतज्ज्ञ ते सोरायसिससारख्या आजारात, ठरावीक जागी, मोजून दिवस देतात. जांघेत तर सहसा देतच नाहीत, कारण तिथली कातडी पातळ असते, घडीत झाकलेली असते आणि औषध भराभर आत शोषून घेते. आणि आपल्याकडे क्लोबेटासॉल सगळ्यात जास्त लागतं कुठे? जांघेत.

गिऱ्हाईक खूश का होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनवर जगते. लाली आणि खाज येते ती बुरशीशी लढणाऱ्या शरीरामुळे. स्टेरॉइड ही लढाईच थांबवतं. रात्री लावलं की सकाळी खाज नाही, तिसऱ्या दिवशी लाली नाही. सोसायटीच्या वॉचमनला झोपेची गोळी द्यायची आणि आता आरडाओरडा नाही म्हणजे चोर गेले असं समजायचं, त्यातलाच हा प्रकार. बुरशी आत निवांत पसरत राहते. ट्यूब बंद केली की पहिल्यापेक्षा मोठा पट्टा उठतो, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "एकदम जालीम औषध आहे, फक्त लावत राहावं लागतं."

असं काही महिने चाललं की नायट्याची ओळखच पुसली जाते. गोल कडा राहत नाही. कधी एका कड्याच्या आत दुसरं कडं दिसतं, कधी नुसते काळपट, पातळ, चमकणारे चट्टे. बुरशीच्या या वेषांतराला वैद्यकात 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात आणि त्याचं वर्णन १९६८ सालीच झालेलं आहे. म्हणजे हे ज्ञान नवं नाही. नवं आहे ते त्याचं आपल्याकडचं प्रमाण. जांघेत जे लांबट लाल-जांभळे ओरखडे उमटतात, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे, ते पुढे फिके पडतात पण जात नाहीत. अठरा-वीस वर्षांची मुलं असे कायमचे ओरखडे घेऊन फिरताहेत आणि लाजेपायी कुणाला दाखवत नाहीत.

बुरशीही बदलली आहे. भारतात पसरलेल्या एका प्रकाराला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं वेगळं नाव मिळालं. जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून ते दिलं. हिच्यावर टर्बिनाफिन, म्हणजे कालपरवापर्यंतचं आपलं खात्रीचं औषध, बऱ्याचदा चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांना हा संसर्ग झाल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेने प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेत ती बातमी झाली. आपल्याकडे घणसोलीतल्या एका खोलीत आई, बाप आणि दोन पोरं, चौघंही तीन-तीन वर्षं खाजवताहेत, त्याची बातमी कोण करणार! ही बुरशी अशी का फोफावली याची कारणं तज्ज्ञ बरीच सांगतात: दमट हवा, घट्ट कपडे, अर्धवट उपचार. त्या यादीत स्टेरॉइडची मिश्र मलमं हटकून असतात. ती मलमं लोकांच्या हातात येतात ती तुमच्या काउंटरवरून.

आता कायद्याचं. जुन्या नियमांत एक मोठी फट होती. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची यादी; तिच्यातली बरीच औषधं त्वचेवर लावायच्या रूपात असली की त्यांना चिठ्ठीची अट लागू होत नसे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइड या अटीखाली आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ज्या ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशा मलमांचीही काही मिश्रणं होती. कंपन्यांनी घटक इकडचे तिकडे केले आणि नवी मिश्रणं आणली, नावं मात्र जुन्यासारखीच ठेवली. ते त्यांचं पाप. पण खोक्याच्या कोपऱ्यातलं 'आरएक्स' आणि खालची चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना तुमच्यासाठी छापलेली असते, गिऱ्हाइकाला ती वाचताही येत नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठी आणि फार्मासिस्टची हजेरी या दोन गोष्टींवरून केवढं रण पेटलं होतं, हे तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. तेव्हा तुम्ही म्हणालात, आम्हाला चोर ठरवू नका. बरोबर होतं. मग स्वतःहून काय केलंत?

"मी नाही दिली तर पुढचा देतो." हे उत्तर मला तोंडपाठ आहे. माझे विद्यार्थी पहिल्या नोकरीवरून महिन्याभरात परत येतात ते हेच वाक्य घेऊन. मालक म्हणतो, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. एमआर, म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणतो, दहावर दोन फुकटची स्कीम आहे. पोरगं बाविशीचं, पांढरा कोट नवा, बोलणार काय? (काही दुकानांत कोटही नसतो आणि पोरगंही नसतं, भिंतीवर फक्त त्याचं सर्टिफिकेट असतं. त्या विषयावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) मला या उत्तराचा राग येत नाही, कारण ते खरं आहे. एका सेक्टरमध्ये हाकेच्या अंतरावर चार-चार दुकानं असताना एकट्याने शहाणं होऊन उपयोग नाही. म्हणूनच हे पत्र मी एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

तुमच्याकडे येणारा हा माणूस कोण आहे ते बघा. एपीएमसीतला माथाडी, टीटीसी एमआयडीसीत रबरी बूट घालून आठ तास उभा राहणारा कामगार, सिंथेटिक गणवेशातला सिक्युरिटी गार्ड, हेल्मेट-जॅकेट चढवून पावसात फिरणारा डिलिव्हरीचा मुलगा, ट्रान्सहार्बरच्या डब्यात घामाने निथळत ठाण्याहून येणारा कारकून. आणि घरातली बाई. परकराची नाडी जिथे आवळली जाते तिथे ओलसर पट्टा असतो, दिवसभर पाण्यात काम, कपडे बदलायला आडोसा नाही. ती तर दुकानात येतच नाही. नवऱ्याला सांगते, नाहीतर पोराच्या हातात रिकामी ट्यूब देऊन पाठवते. काउंटरवर तुम्ही सगळे पुरुष, ती सांगणार कशी?

या माणसांनी डॉक्टरकडे जावं म्हणून सांगणं सोपं आहे. वाशीला महापालिकेचं सार्वजनिक रुग्णालय आहे, ऐरोलीला राजमाता जिजाऊ, नेरुळला मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे; तिथला केसपेपर परवडतो. परवडत नाही तो खाडा. सरकारी ओपीडी सकाळी, रांग लांब आणि नाक्यावर, गाळ्यावर किंवा कंपनीच्या गेटवर हजेरी लागते तीही सकाळीच. नायट्यासाठी रोजगार बुडवणार कोण? ताप असता तर घरचे म्हणाले असते, जा. खाजेला आजार कोणी म्हणतच नाही. खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी भरण्यापेक्षा तेवढ्यात पाच-सहा ट्यूब येतात, हा हिशेब कामगार बरोबर करतो. त्याच्या लेखी तुम्हीच डॉक्टर आहात: रात्री अकरापर्यंत उघडे, फी नाही, नंबर नाही, कपडे उतरवायला लावत नाही. हा विश्वास तुम्ही फुकट मिळवलेला नाही. कोविडच्या काळात शहर बंद असताना तुमची शटर्स उघडी होती हे मी विसरलेले नाही. पण कुणी डॉक्टर मानत असेल तर निदान चार प्रश्न विचारायची जबाबदारी येते.

ते प्रश्न अगदी साधे आहेत. कुठे आहे आणि किती दिवस झाले? आधी काय लावलं, ट्यूब किंवा फोटो दाखवा. घरात आणखी कुणाला आहे का? साखर तपासलीय का? शेवटचा प्रश्न मुद्दाम, कारण वारंवार उठणाऱ्या नायट्यामागे कधी न कळलेला मधुमेह निघतो. गर्दीच्या वेळी हेही जमत नसेल तर पहिले दोन विचारा. दुखणं नवं असेल, लहान जागी असेल आणि आधी काही लावलेलं नसेल तर साधी, एकाच औषधाची, स्टेरॉइड नसलेली आणि चिठ्ठीची अट नसलेली बुरशीची ट्यूब द्या, क्लोट्रिमॅझोलसारखी. आणि देताना सांगा की खाज दोन दिवसांत जाणार नाही. हे सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी तो येऊन म्हणणार, ही फालतू आहे, मागचीच द्या. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावायची, आणि सगळं साफ दिसायला लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची. लोक नेमके इथे थांबतात.

जुनं असेल, पसरलेलं असेल, आधी स्टेरॉइड लावलेलं असेल, चेहऱ्यावर असेल, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर काही न देता डॉक्टरकडे पाठवा. बाळाच्या लंगोटाच्या जागी ही मिश्र मलमं लावणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या वयात ते औषध रक्तात उतरून अख्ख्या शरीरावर परिणाम करू शकतं. आणि कृपा करून ट्यूबसोबत बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय देऊ नका. समोरचे काका कोलेस्टेरॉलची कुठली गोळी घेतात, त्यांचं हृदय किती दमलेलं आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर ही कॅप्सूल चालत नाही आणि हृदय कमकुवत असेल तर ती धोक्याची असते. माझ्या पेपरात हा प्रश्न दोनदा येऊन गेला आहे, तेव्हा आठवायला हरकत नाही.

स्टेरॉइड लावायची सवय झालेल्याला अजून एक गोष्ट सांगावी लागते: बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळून येईल, घाबरून परत त्याच ट्यूबकडे वळू नका, त्याच दिवसांत डॉक्टर गाठा. हे कोणीच सांगत नाही.

औषधाइतकंच कपड्यांचं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. जांघेला लागणारे कपडे गरम पाण्यात धुवायचे, उलटे करून वाळवायचे. आता नेरुळच्या वन आरकेत जुलैमध्ये वाळवायचे कुठे, हा प्रश्न मलाही पडतो. पंख्याखाली दोन दिवस लटकूनही जीन्स ओलीच राहते. मग निदान शिवणीवरून कडक इस्त्री फिरवायची आणि पावसाळ्यात जीन्सऐवजी सैल सुती पँट घालायची. हा सल्ला फुकटचा आहे आणि त्यावर मार्जिन नाही, ठाऊक आहे.

घरगुती उपायांचं काय, असं तुम्हाला विचारतील. पावसात वाशीच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या येतात. आमच्याकडे आजी भाजी करायची आणि बिया वाटून गजकर्णावर लावायची. त्याने चट्टा जातो असं मी म्हणणार नाही, पण त्याने कातडीचा कागद झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. लसूण वाटून बांधणं आणि लिंबू चोळून उन्हात जाणं मात्र थांबवायला सांगा. लसणाने भाजतं आणि लिंबाने उन्हात फोड येऊन काळे डाग पडतात. पूर्वी दुकानांत पत्र्याच्या छोट्या डबीत झोंबणारं मलम मिळायचं. बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं हे मिश्रण, व्हिटफिल्डचं मलम, एके काळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत होतं. नाजूक जागी ते आग करतं, म्हणून जांघेला नको. हातापायाच्या नायट्यावर आजही त्याला जागा आहे. पण त्याला ना चकचकीत ट्यूब, ना स्कीम. मग ते शेल्फवर टिकणार कसं?

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. लग्न ठरलेल्या मुली "गोरं करणारी" म्हणून जी ट्यूब मागतात, तिच्यात पुष्कळदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. वांगावर डॉक्टर ते मोजके आठवडे देतात. महिनोन्महिने लावलं की चेहरा लाल होतो, मुरुमं आणि लव येते, उन्हात पाऊल टाकवत नाही आणि सोडलं की आग होते. तिला ही ट्यूब देणारा काउंटरवरचा मुलगा बऱ्याचदा तिच्याच वर्गातला असतो, म्हणून ती त्याच्याकडे जाते.

डॉक्टरांना मी सोडलेलं नाही. चिठ्ठीवर हीच मलमं लिहिणारे कमी नाहीत. डिग्री कुठलीही असो, तीन दिवसांत खाज थांबली की दवाखान्याचं नाव होतं. तशी चिठ्ठी आली तर तुम्ही काय करणार? देणार, आणि द्यावंच लागेल. पण "किती दिवस लावायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या" एवढं तरी म्हणता येतं, आणि तीच जुनी चिठ्ठी वर्षभर फिरत असेल तर दुसऱ्यांदा नकार देता येतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे तुमचं काम म्हणून लिहून ठेवलं आहे. ते काम अंगावर घेतलंत तर तुम्ही नुसते दुकानदार राहत नाही, आणि ऑनलाइन औषधं विकणाऱ्या कंपन्यांशी झुंजायला तुमच्याकडे दुसरं आहे तरी काय? रात्री अकरा वाजता समोरच्याला "किती दिवस झाले?" असं विचारणं त्यांच्या ॲपला जमणार नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक नोडमधल्या, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगरातल्या, केमिस्टांनी एकत्र बसून ठरवा की येत्या पावसाळ्यात स्टेरॉइड असलेलं कुठलंही मलम चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि ते सगळ्यांनी एकाच तारखेपासून. काउंटरवर मराठीत आणि हिंदीत एक पाटी लावा: "खाजेसाठी आधीची ट्यूब दाखवा. काय लावलं ते विचारल्याशिवाय औषध मिळणार नाही." एखादी बाई संकोचली तर तिच्याशी बोलायला निदान संध्याकाळी दुकानात एखादी मुलगी असू द्या, आमच्या कॉलेजातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्यांत मुली भरपूर आहेत आणि त्या नोकरी शोधत असतात. मिश्र मलमं हाताशी असलेल्या ड्रॉवरमधून काढून मागच्या कपाटात ठेवा, म्हणजे हात सवयीने तिकडे जाणार नाही.

पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं कुरकुरतील, काही जण दुसऱ्या नोडमध्ये जातील. तिथेही तेच उत्तर मिळालं तर परत येतील.

तुमच्या संघटनेची सभा बहुधा रविवारी दुपारी असते. बोलावलंत तर मी येईन, सोबत चित्रं आणीन: साधा नायटा, स्टेरॉइडने बिघडलेला नायटा आणि नायट्यासारखा दिसणारा पण नायटा नसलेला एक्झिमा. अर्ध्या तासाचं काम आहे. मानधन नको, चहा चालेल. मे महिन्यातली तारीख ठरवा, जूनमध्ये तुम्हाला वेळ नसतो.

आपली,
एक फार्मसी शिक्षिका,
कोपरखैरणे